एक वाजता उघडणारा डबा

शाळेचा डबा सकाळी भरतात आणि दुपारी उघडतात. मुलांच्या आहारावरच्या बहुतेक सल्ल्यांमध्ये या मधल्या चार-पाच तासांचा विचारच नसतो. पनीर, पालक, सुकामेवा, फळांचे काप अशा याद्या असतात आणि त्या ताटासाठी ठीकही असतात. पण गरम वाढलेली पालकपोळी आणि बंद डब्यात वाफेनं भिजून गार झालेली तीच पालकपोळी यांत फार अंतर आहे. सहा-सात वर्षांचं मूल पोषणमूल्यांचा तक्ता पाहून जेवत नाही. झाकण उघडल्यावर जे दिसतं, ज्याचा वास येतो, जे हातात धरता येतं, ते खातं. उरलेलं तसंच घरी येतं आणि त्या उरलेल्यातली प्रथिनं मुलाच्या काही उपयोगाची नसतात. म्हणून डब्याचा विचार दुपारी एकपासून सुरू करून सकाळकडे यावा, असं मला वाटतं. त्यासाठी अजिंठा लेण्यांच्या पायथ्याचं फर्दापूर हे गाव डोळ्यांसमोर ठेवू.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात, घाट उतरल्यावर फर्दापूर लागतं. इथून पुढे खानदेश. बऱ्हाणपूरहून औरंगाबादकडे जाणारा जुना रस्ता इथूनच घाट चढायचा, आणि मुक्कामाला थांबणाऱ्यांसाठी मुघल काळात बांधलेली सराई इथे आहे. अशा रस्त्यावरून पिढ्यान् पिढ्या जी माणसं गेली, त्यांच्याजवळ शिदोरी असायची. सकाळी बांधलेलं अन्न दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी, गारच खायचं, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा. मराठवाड्या-खानदेशातल्या बायकांनी त्याची उत्तरं शोधून ठेवली आहेत. दशमी, धपाटे, थालीपीठ, कोरडी चटणी हे सगळे पदार्थ गार खाण्यासाठीच घडलेले आहेत. प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या डब्याला नेमकं हेच हवं असतं.

साधी ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली की मऊ, आणि दुपारपर्यंत कडक का होते? शिजताना पिठातल्या स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. गार होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात, घट्ट रचना करतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. गव्हाच्या पोळीत हे होतंच, पण गव्हातलं ग्लुटेन पोळीला लवचीक ठेवतं. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नाही. त्यामुळे भाकरी नुसती वाळत नाही, ती मोडते. फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया सगळ्यात वेगानं होते, म्हणून रात्रीची भाकरी फ्रीजमध्ये ठेवून सकाळी डब्यात देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. पहिली-दुसरीतल्या मुलाचे पुढचे दात पडलेले असतात हेही लक्षात घ्या. अशा मुलानं कडक भाकरी परत आणली तर त्याला भाकरी आवडत नाही असा निष्कर्ष काढू नये. त्याला ती तोडता आली नाही.

दशमीत पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं स्टार्चच्या साखळ्यांना पटकन जवळ येऊ देत नाहीत, त्यामुळे दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.  धपाट्यात ज्वारीच्या पिठाबरोबर थोडी कणीक आणि बेसन असतं, दही किंवा किसलेली काकडी असते, तीळ असतात आणि भाजताना तेल सोडलेलं असतं. कणकेचं ग्लुटेन, काकडीचा ओलावा, तेलाची स्निग्धता या तिन्ही गोष्टी भाकरी कडक होण्याच्या आड येतात. थालीपिठाच्या भाजणीतली धान्यं-डाळी आधीच भाजलेल्या असतात, शिवाय कांदा-कोथिंबीर आत असल्यानं वेगळी भाजी लागत नाही. साधी भाकरीच द्यायची तर पीठ ताजं हवं, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरीला चिरा पडतात. आधणाच्या पाण्यात उकड काढून मळावं. भाकरी गरम असतानाच तेलाचं बोट फिरवावं आणि चतकोर करून सुती फडक्यात गुंडाळावी. फडकं जादा वाफ शोषून घेतं आणि भाकरी वाळूही देत नाही. वर्तमानपत्राचा कागद मात्र वापरू नये. छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं अन्नात उतरतात, म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६मध्येच त्याविरुद्ध सूचना काढली आहे.

आता किती द्यायचं ते पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० उष्मांक आणि १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला १७०० उष्मांक आणि २३ ग्रॅम. डब्यानं यातला तिसरा हिस्सा उचलावा, म्हणजे मोठ्या मुलासाठी साधारण साडेपाचशे उष्मांक आणि आठ ग्रॅम प्रथिनं.

गावातल्या प्रत्येक पालकाला माहीत असलेलं एक माप याच्या जवळचं आहे, ते म्हणजे शाळेतली खिचडी. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. ते घरच्या हंड्यात मिसळून जायचे आणि मुलाच्या पोटात त्यातलं किती गेलं हे कोणीच सांगू शकत नव्हतं. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि मग शाळेच्या आवारात चुली पेटल्या. २०२१पासून योजनेचं नाव ‘पीएम पोषण’ झालं. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी तिचं माप आहे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाज्या आणि ५ ग्रॅम तेल, आणि त्यातून किमान ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं. हिशोब घरीही करून पाहता येतो. तांदळातून साडेतीनशेच्या आसपास उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं येतात, डाळीतून सत्तरेक उष्मांक आणि चार-पाच ग्रॅम, तेलातून पंचेचाळीस उष्मांक. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला हे रोज गरम मिळतं. खासगी शाळेत फी भरून जाणाऱ्या मुलाच्या डब्यात यापेक्षा कमी असेल, तर ते मूल पोषणात मागे पडतंय, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं.

प्रथिनांची काळजी करताना लोक महागड्या पावडरींच्या डब्यांकडे वळतात. इथे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांची आठवण काढायला हवी. वीस वर्षं ते जागतिक अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगभर ‘प्रथिनांची तूट’ हा शब्दप्रयोग गाजत असताना त्यांनी आकडेवारीच्या आधारानं मांडलं की, आपल्या गरीब मुलांच्या बाबतीत मूळ तूट एकूण अन्नाची आहे. धान्य आणि डाळ असा नेहमीचा आहार पोटभर मिळाला, तर प्रथिनं बहुतांशी त्यातूनच भागतात. पोट अर्धं राहिलं, तर खाल्लेली प्रथिनंही शरीर ऊर्जेसाठी जाळून टाकतं. सुखात्म्यांच्या इतर काही निष्कर्षांवर पुढे मोठे वाद झाले, पण डबा भरणाऱ्या आईसाठी ही गोष्ट मोलाची आहे. आधी भाकरी पुरेशी हवी, मग तिच्या जोडीला डाळ किंवा कडधान्य.

ही जोडी का, त्यालाही कारण आहे. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं आणि डाळींत जे कमी ते धान्यांत असतं. खानदेशच्या बाजूला ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळतात आणि त्याची कळण्याची भाकरी करतात. त्यात ही जोडी पिठातच साधलेली आहे, उडदाच्या चिकटपणानं भाकरी धरूनही राहते. मोठी माणसं ती ठेच्याबरोबर खातात, मुलाला दही-चटणीबरोबर द्यावी.

डब्यातल्या चटणीला मी तोंडीलावणं मानत नाही. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅमला चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी आठवडाभर सहज टिकते. मोठे दोन चमचे, म्हणजे पंचवीस ग्रॅम चटणीत सहा ग्रॅम प्रथिनं झाली, जवळपास एका अंड्याइतकी. तिखट कमी घालावं, भाजलेले तीळ किंवा कारळे मिसळावेत. तिळात शंभर ग्रॅमला बाराशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. ते सगळंच अंगी लागत नाही, तरी ६५० मिलिग्रॅमची रोजची गरज असलेल्या मुलाला दहा ग्रॅम तीळही उपयोगी पडतात. चटणी करताना एक काम मात्र टाळू नये. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्यावेत. दमट जागेत ठेवलेल्या शेंगदाण्यांवर जी बुरशी येते, तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं ते पूर्ण जात नाही.

मग डबा असा दिसतो. पन्नास ग्रॅम पिठाचं धपाटं किंवा भाकरी, दोन चमचे चटणी, वीस ग्रॅम मटकीची मोड आणून केलेली कोरडी उसळ, वर चमचाभर तेल. चारशेच्या वर उष्मांक आणि पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं झाली. जळगावकडचं एक केळं जोडलं की पाचशेचा टप्पा ओलांडला. यात बाजारातून मुद्दाम आणावं असं काहीच नाही.

लोहाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पोटभर खाणंही पुरत नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा रक्तक्षयी निघाला. असं मूल वर्गात पेंगतं, लवकर दमतं, आणि ते आळशी आहे असं आपण म्हणत राहतो. बाजरीत ज्वारीपेक्षा बरंच जास्त लोह असतं. ‘धनशक्ती’ नावाचं अधिक लोहाचं बाजरीचं वाण महाराष्ट्रात २०१२पासून आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर झालेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना अशा अधिक लोहाच्या बाजरीच्या भाकऱ्या रोज दिल्या, काहींना साध्या बाजरीच्या. चार महिन्यांतच पहिल्या गटाच्या शरीरातला लोहाचा साठा लक्षणीय वाढलेला दिसला. ती मुलं आपल्या वाचकांच्या मुलांपेक्षा थोडी मोठी होती, पण औषधाची गोळी न देता, रोजच्या भाकरीतून हे झालं याला मी फार महत्त्व देतो. हिवाळ्यात बाजरीची तीळ लावलेली, गुळाच्या पाण्यात मळलेली छोटी भाकरी मुलं आवडीनं खातात. गुळाकडून मात्र लोहाची मोठी अपेक्षा ठेवू नये, तो मुख्यतः साखरच आहे.

धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. क जीवनसत्त्व सोबत असलं की ते चांगलं शोषलं जातं, चहा सोबत असला की कमी. म्हणून डब्यात उसळीवर पिळलेलं अर्धं लिंबू, पेरूची फोड किंवा आवळ्याचा तुकडा असावा, आणि सकाळी शाळेला निघताना मुलाच्या हातात कपभर चहा नसावा. पेरूत शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या घरात क जीवनसत्त्व असतं, सफरचंदात त्याचा अगदी थोडा अंश. तरीही पाहुणा आला की मुलासाठी सफरचंद आणतो आणि आपण अंगणातला पेरू पोपटांना सोडतो. कडधान्याला मोड आणल्यानंही दुहेरी फायदा होतो. लोह अडवून धरणारी फायटेट्स कमी होतात आणि क जीवनसत्त्व तयार होतं. अजिंठ्याच्या डोंगरात पावसाळा सरताना सीताफळं येतात, थंडीत बोरं. सीताफळ डब्यात चिघळतं, ते घरी खावं. बोरं धुऊन द्यावीत.

अंड्याविषयी स्पष्ट बोलायला हवं. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतच ते मिळतं, आणि ज्या घरात दूध चहापुरतंच येतं तिथे ते मुलाला मिळत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं आणि हे जीवनसत्त्वही असतं. कवचासकट उकडलेलं अंडं चार तास बरं राहतं, सांडत नाही आणि सहा वर्षांच्या मुलाला सोलता येतं. राज्य सरकारनं २०२३च्या नोव्हेंबरमध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं, असा निर्णय घेतला होता. २०२५च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोडलं. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्या घरांना अंडं विकत घेणं जड जातं, त्यांच्याच मुलांच्या ताटातून ते गेलं. ज्या घरात अंडं चालतं आणि परवडतं, तिथे आठवड्यातून दोनदा तरी ते डब्यात असावं. जिथे चालत नाही, तिथे रोज वाटीभर दही किंवा दूध घरी द्यावं.

फर्दापूरच्या तिठ्यावर लेण्यांकडे जाणाऱ्यांच्या गाड्या थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जावं लागतं. जिथे प्रवासी थांबतात तिथे पुड्या लटकतात. वेफर्स, कुरकुरे, बिस्किटं, शीतपेयं डोळ्यांसमोर असतात, आणि रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू घरच्या खाण्याचा भाग होऊन जाते. सकाळी घाई झाली की पाच-दहा रुपयांचा पुडा हाच डबा होतो. साध्या ग्लुकोज बिस्किटांत शंभर ग्रॅममागे साधारण पाव हिस्सा साखर असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत असावी. १७०० उष्मांकांच्या मुलाला हे पाच टक्के म्हणजे जेमतेम एकवीस ग्रॅम. शंभर ग्रॅम बिस्किटांत ते ओलांडले जातात, आणि मैद्यानं पोट भरल्यासारखं वाटून संध्याकाळची भाकरीही मागे पडते. शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ विकू नयेत असा आदेश राज्यानं २०१७मध्ये काढला. देशाच्या २०२०च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांची विक्री बंद केली. पण आईनेच दप्तरात ठेवलेल्या पुड्याला कुठलाच नियम अडवू शकत नाही.

उन्हाची खबरदारी थोडक्यात सांगतो. भात डब्यात देणार असाल तर त्याच सकाळचा, कोरडा आणि निववलेला असावा. भातात उष्णतेनं न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. रात्रीचा भात म्हणून डब्यात नको. कुठलाही पदार्थ आधी निवू द्यावा, मगच झाकण लावावं, नाहीतर वाफेचं पाणी परत अन्नावर पडतं. मार्चनंतर दहीभात आणि नारळाची चटणी बंद, धपाटी आणि कोरडी चटणी चालू. दोन खणांचा स्टीलचा डबा उत्तम, मात्र त्याचं झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का, हे घरी एकदा पाहून घ्यावं.

डबा परत आला की काय उरलं ते पाहावं, आणि रागावण्याआधी विचारावं. चार दिवस उसळच उरत असेल तर कदाचित ती ओली असते आणि मुलाचे हात, वही खराब होतात. तीच उसळ धपाट्यात कुस्करून घातली की संपते. अर्धी भाकरी रोज उरत असेल तर मधली सुट्टी लहान असेल किंवा घास मोठा. २०२४च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला, त्यामुळे बऱ्याच घरांत मूल सकाळी काही खाऊन निघू शकतं. न्याहारी बरी झालेली असली की डबाही शांतपणे खाल्ला जातो.

एक अडचण मात्र खरी आहे. या भागात दसऱ्या-दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू होते. आई दिवस उजाडताच शेताकडे निघते आणि निघताना स्वतःसाठी भाकरी-चटणी फडक्यात बांधून नेते. त्याच घरातल्या मुलाला मात्र पुड्यासाठी पैसे दिले जातात, कारण शाळेत भाकरी नेणं कमीपणाचं वाटतं. शेतात बांधून नेलेली ती भाकरी मुलाच्या पुड्यापेक्षा कितीतरी चांगली असते. म्हणून वेचणीच्या दिवसांत दोघांचं अन्न एकाच पिठातून करावं. आईची भाकरी मोठी, मुलाची धपाटी छोटी. चटणी रविवारी कुटून ठेवावी. मटकी सोमवारी सकाळी भिजत घालावी, रात्री उपसून फडक्यात बांधावी, म्हणजे बुधवारी सकाळी मोड आलेले असतात. अंडी आदल्या रात्री उकडू नयेत, सकाळी चहाच्या शेजारच्या चुलीवर दहा मिनिटांत होतात. तिसरी-चौथीतलं मूल आपली भाकरी आपण फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवू शकतं. त्याला ते काम जरूर द्यावं.